छोटा बोर्ड आणि चार खांदे

चहा ओता आधी. आणि एक ऐकून ठेवा, मी हे हसत सांगणार नाही. माझी ही फजिती अख्ख्या मोखाड्याला माहीत आहे, फक्त प्रत्येकाला वेगळी माहीत आहे. म्हणून म्हटलं, खरी काय ती एकदा माझ्याच तोंडून ऐका.

तेव्हा मी जव्हारचं कॉलेज नुकतंच सोडलं होतं. का सोडलं विचारू नका. सगळेच विचारतात, उत्तराला कुणी थांबत नाही. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. घरीही गुरुजीच. मी काही बोललो की, "वाक्य पूर्ण कर." पूर्ण केलं की, "आता गप्प बस."

आणि बाबांचे चुलतभाऊ, नाना. नाना म्हणजे आमच्या घराण्यातलं मोठं प्रस्थ. आश्रमशाळेच्या संस्थेवर बसलेले, पतपेढीवर बसलेले, आणि उरलेल्या वेळात आमच्या उरावर. त्यांनी त्यांच्या शाळेत माझ्यासाठी क्लार्कची जागा राखून ठेवली होती.

"जूनपासून ये," नाना म्हणाले. "डोकं लागत नाही. तुला जमेल."

बाबा मान डोलावत होते. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. मेलो तरी नाही, असं मी म्हणालो होतो. हे शब्द जरा जपून वापरायला हवे होते.

माझं मन धरणावर होतं. पोशेऱ्याकडून आत गेलं की धरणाच्या काठाला वसईच्या डॉमनिक सरांनी तंबू ठोकून कॅम्प काढला होता. मुंबईची माणसं यायची, फळीवर शीड लावायची आणि वाऱ्यावर उभ्याने पाण्यात फिरायची. विंडसर्फिंग. मी तिथे ताटं घासायला लागलो आणि फावल्या वेळात मोठ्या बोर्डावर उभं राहायला शिकलो.

मोठा बोर्ड म्हणजे काय सांगू? दरवाजा! घराचा दरवाजा काढून पाण्यात टाकावा तसा. वर दोन माणसं जेवायला बसतील. खाली मधोमध एक लांब पातं, त्यामुळे तो सरळ चालतो, हळू चालतो, आणि तुम्ही कितीही माकडचाळे केलेत तरी परत काठाला आणून सोडतो. चार-दोन आठवड्यांत मी त्यावर जाऊन येऊ लागलो. सर म्हणाले, "छान. आता छोट्या बोर्डावर जा. जो छोट्यावर आत जाऊन निघाल्या जागी परत येईल, त्याला मी शिकवायला ठेवणार."

शिकवायला! म्हणजे ताटं बंद, आणि नानांची खुर्चीही बंद. माझ्या डोक्यात तेवढंच घुमायला लागलं.

छोटा बोर्ड दिसायला गोंडस. पातं नाही, रुंदी नाही, एका हाताने उचलावा. मी त्यावर मोठ्यासारखाच चढलो आणि शीड ओढायला लागलो. बोर्ड गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. मग कमरेपर्यंत. मग मीच दिसेनासा झालो.

सर काठावरून म्हणाले, "हा उभ्याने चालू होत नाही, बाळा. वाऱ्याने ओढलं तरच हा तुला धरणार. आधी पाण्यात पड. पडल्या पडल्या शीड वाऱ्यावर धर. वारा तुला उचलेल. महिनाभर हेच कर."

आधी पड, मग ऊठ, महिनाभर! हे तर मी जन्मापासून ऐकत आलोय. थांब, अजून वेळ आहे, आधी हे कर, मग बघू. मोठ्या माणसांना शिकवायचं नसलं की ती अशीच बोलतात. मला वाटलं, सरही त्यातलेच. छोटे बोर्ड मुंबईच्या पोरांना आणि आम्हाला दरवाजे. त्यांचं एक अक्षर मी आत शिरू दिलं नाही.

एका दुपारी सर सामान आणायला नाशिकला गेले. कॅम्पवर पाहुणे नव्हते. फक्त मी आणि स्वयंपाकी काशीमामा.

"मामा," मी म्हणालो, "बोर्ड बुडतो. काय करावं?"

"पवायला शिकताना काय करतेव?" मामा कांदा चिरत म्हणाले. "भोपलं बांधतेव ना? सांगड बांध. भोपलं बांधलं तं म्हस पन तरंगंल."

बघा, इतकं सोपं होतं! सुके भोपळे पाठीला बांधून आमच्याकडची सगळी पोरं नदीत पोहायला शिकलेली. मामांच्याच झोपडीत सांगड टांगलेली होती. मी ती छोट्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी करकचून बांधली आणि चढलो. बोर्ड बुडाला नाही! मी त्यावर उभा! शीड वर! सर महिनाभर म्हणत होते ते मी अर्ध्या तासात केलं होतं.

वारा काठाकडून धरणात वाहत होता. मी निघालो. काय वेग! अहाहा! मधोमध आल्यावर वाटलं, आता वळावं.

बोर्ड वळेना. भोपळे पाण्यात नांगरासारखे रुतलेले, खाली पातं नाही, आणि वारा एकाच दिशेचा. मी डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो, शिव्या दिल्या. बोर्डाला नानांच्या स्वभावाची लागण झाली होती, कुणाचं ऐकायचंच नाही. शेवटी आम्ही दोघे थेट पलीकडच्या काठाला खडकावर जाऊन आदळलो.

मी शीड पाडलं आणि बसून राहिलो. आता एक सांगतो, नीट ऐका. इकडे काशीमामा काठावर उभे होते. त्यांनी काय पाहिलं? शीड लांब गेलं, आडवं झालं, पुन्हा उठलं नाही. बस. मामा ओरडत रस्त्याकडे पळाले. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पलीकडच्या काठाला मोहाची झाडं. लखमादादा नावाचा एक म्हातारा आणि त्याचा जावई तिथे मोहाची फुलं वेचत होते. झाडाखालचा पालापाचोळा जाळल्याशिवाय फुलं दिसत नाहीत, म्हणून म्हाताऱ्याकडे निखाऱ्यांचं मडकं होतं. माझा पाय खडकाने फाटला होता. दादा म्हणाला, "चल, पोचवतूं तुला. रस्त्यानं फिरून जाऊ."

आम्ही शिडाची काठी आणि बोर्ड एकावर एक ठेवले, भोवती पांढरं शीड गुंडाळलं, भोपळ्यांची दोरी वरून आवळली. लांबच लांब पांढरं गाठोडं झालं. पुढे मी खांदा दिला, मागे जावयाने. आणि सगळ्यांच्या पुढे लखमादादा, हातात मडकं, मडक्यातून धूर.

तुम्हाला दिसलं ना? मला दिसलं नाही! गाठोड्याखाली असलेल्या माणसाला गाठोडं कसं दिसतं हे कुठे कळतं?

रस्त्याला लागलो. समोरून मोळ्या घेऊन बायका येत होत्या. त्यांनी मोळ्या खाली ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मी चकित झालो. मग लक्षात आलं, अरे, यांनी मला पाण्यावरून येताना पाहिलं असणार! वाऱ्यावर उभ्याने धरण पार करणारा मी आपल्या मुलखातला पहिलाच. मी गंभीरपणे मान लववून नमस्कार घेतला.

एका पाड्यातून माणसं बाहेर आली. आमच्याकडे असं काही दिसलं की कुणी काही विचारत नाही, मुकाट चालायला लागतं. ते चालायला लागले. एकाने माझ्या मागे खांदा दिला, दुसऱ्याने जावयाच्या जोडीला दिला. एका आजीने वरून चाफ्याची फुलं ठेवली. माझा ऊर भरून आला. कॉलेजने, बापाने, नानाने जे दिलं नाही ते या साध्या माणसांनी दिलं, असं काहीतरी मी मनात म्हणत होतो. देवाशप्पथ.

मागून कुजबुज आली, "किती हलका रं!"

"पोरगाच व्हता ना. बापूस रागं भरून भरून खाऊ देत नसंल."

मला वाटलं, बोर्डाबद्दल बोलतायत.

एवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. लोक उतरले आणि त्यांच्यात कोण? पांढरी टोपी, खादीचा झब्बा, नाना! मी ओला शर्ट काढून डोक्यावरून तोंडावर ओढला. त्या क्षणी मला जगातलं कुणीही चाललं असतं, नाना नको होते.

"कोण गेलं?" नानांनी विचारलं.

"गुरुजीचा पोरगा," गर्दीतला एकजण म्हणाला. "धरनात. कॅम्पचा मामा रस्त्यावर रडत बसलाय. गुरुजींना सांगावा धाडलाय."

मी थांबलो. सगळे थांबले. खांद्यावरचं गाठोडं, पुढचं मडकं, चाफ्याची फुलं, सगळं एकदम डोक्यात उतरलं.

आता शहाणा माणूस काय करेल? शर्ट काढेल आणि म्हणेल, अहो, मी इथे आहे. एवढं सोपं. पण तेवढ्यात नाना दाटल्या आवाजात म्हणाले, "इथं विसावा द्या. मला दोन शब्द बोलायचे आहेत."

आणि मला मोह झाला. आपण मेल्यावर ही माणसं आपल्याबद्दल काय बोलतात, हे फुकटात ऐकायला कुणाला मिळतं हो?

आंब्याखाली गाठोडं उतरवलं. लखमादादा आणि जावई माझ्याकडे बघायला लागले, तर मी हातानेच त्यांना गप्प केलं. नानांनी टोपी काढली. "आमचा हा पुतण्या," ते म्हणाले, "अत्यंत हुशार, नम्र आणि वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहणारा होता."

मी शर्टाच्या आत दात खाल्ले. आदल्याच आठवड्यात या माणसाने मला बिनकण्याचा बैल म्हटलं होतं.

"माझ्यावर त्याचा फार जीव होता. माझ्या शाळेत सेवा करायची त्याची शेवटची इच्छा होती. ती अपुरी राहिली. म्हणून मी आज, तुम्हा सर्वांच्या साक्षीने, त्याच्या स्मरणार्थ, ती जागा माझ्या मेव्हण्याच्या मुलाला जाहीर करतो."

एकाने टाळी वाजवली. दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मी बोलायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात जीप येऊन थांबली.

बाबा उतरले. पायात चप्पल नव्हती. हाताला खडू लागलेला. मी आयुष्यभर या माणसाला पट्टीसारखं सरळ पाहिलं होतं. ते चालत आले आणि गाठोड्याशेजारी असे बसले, जसं कुणीतरी त्यांना दुमडून ठेवलं.

नाना म्हणाले, "धीर धर, दादा. मी बोललोय दोन शब्द."

बाबांनी वरही पाहिलं नाही. "तोंड बघू द्या मला त्याचं," ते म्हणाले.

ते दोरी सोडायला लागले. गाठ सुटेना. कुणी पुढे होईना. ती गाठ मी मारली होती, ओल्या दोरीची, ती मलाच सुटणार होती. माझे हात आपोआप पुढे गेले. मी शेजारी बसलो आणि गाठ सोडायला लागलो.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू सोड रे, बाळा. लागेल त्याला."

सांगितलं होतं ना, मी हसत सांगणार नाही म्हणून.

शीड उघडलं. आत काठी. काठीखाली छोटा बोर्ड, वर चाफ्याची फुलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गाठीवरच्या माझ्या हातांकडे. मग त्यांनी माझ्या तोंडावरचा शर्ट ओढला.

अशी कानफटात बसली की आंब्यावरचे कावळे उडाले. आणि लगेच तोच हात त्याच गालावर परत आला, गाल गरम आहे का ते बघायला.

"हा काय प्रकार आहे?" नाना ओरडले. "हे आहे तरी काय?"

"छोटा बोर्ड," मी म्हणालो.

"मग मी कुणाबद्दल बोललो?"

"ते मलाही कळलं नाही, नाना."

लोक हसले का? नाही. ते फार वाईट झालं. आजीने शांतपणे आपली फुलं उचलून घेतली. एकजण म्हणाला, "काम सोडून आलूं रं, पोऱ्या." लखमादादा मडकं घेऊन मोहाकडे निघून गेला. एसटीचा ड्रायव्हर तेवढा मला म्हणाला, "पुढच्या वेळी जरा आधी सांग. गाडी लेट झाली."

क्लार्कची जागा गेली. सगळ्यांसमोर माझ्या स्मरणार्थ देऊन टाकलेली, नाना ती परत कशी घेणार? मी जिवंत असलो म्हणून काय झालं?

संध्याकाळी डॉमनिक सर आले. त्यांनी बोर्ड पाहिला, भोपळे पाहिले, माझा गाल पाहिला. "निघाल्या जागी परत आलास?" त्यांनी विचारलं.

"आलो, सर."

"वाऱ्याने?"

मी भोपळे उचलून मामांच्या झोपडीकडे निघालो.

छोटा बोर्ड बंद झाला. कॅम्पवर ठेवायला सर तयार होते, पण बाबांची संमती पाहिजे म्हणाले. आणि बाबांनी ती दिली! मला धक्काच बसला. अट एकच. मोठ्या बोर्डावर जाताना माझ्या कमरेला दोरी बांधायची आणि दुसरं टोक काठावर त्यांच्या हातात राहणार. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेलीच होती. ते रोज सकाळी यायचे, दगडावर पंचा टाकायचे आणि दोरी धरून बसायचे. वारा आला की मी जायचो. दोरी संपली की परत.

तर एकदा मुंबईचं एक कुटुंब आलं. त्यांची पहिलीतली मुलगी छोट्या बोर्डावर पाण्यात पडून पडून उठत होती. एकटी. दोरीबिरी काही नाही. तिच्या आईने मला पाहिलं, माझी दोरी पाहिली आणि बाबांना हळूच विचारलं, "काका, एवढ्या मोठ्या मुलाला बांधून का ठेवलंय?"

बाबांनी दोरीचा एक वेढा हातात घेतला. आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले,

"एकदा वारलाय तो."