अपुरा पत्ता

आमच्या कॉलनीचं महिला मंडळ दर वर्षी सैनिकांना राख्या पाठवतं. त्याची यादी माझ्याकडे असते, कारण वाळूजच्या कारखान्यात मी माल रवाना करण्याचंच काम बघते. कुठली पेटी, कुठली गाडी, कुठलं गेट, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरातही दूध, गॅस, विमा, सगळ्यांचे कागद फ्रीजवर लावलेले असतात.

राख्यांची यादी तीन वर्षांपूर्वी सुरू केली. धाकटी बहीण पिशोरला दिलेली, तिचा मुलगा फौजेत. तिच्या ओळखीनं कन्नड तालुक्यातली आणखी तीस नावं मिळाली. नाव, हुद्दा, पलटण, पत्ता असे रकाने पाडले आणि पत्त्याच्या रकान्याशी अडले. सगळ्यांचे पत्ते सारखेच मोघम. पलटणीचं नाव, फौजेचं टपाल कार्यालय आणि एक आकडा. गाव नाही, जिल्हा नाही. पार्सल हरवलं तर विचारायचं कुणाला? कारखान्यात असा पत्ता आला असता तर मी तो परत पाठवला असता. म्हणून शेजारी आणखी एक रकाना आखला, ‘प्रत्यक्ष ठिकाण’, आणि एकेका आईला फोन करून तो भरला. आया हौसेनं सांगत. कुणी गावाचं नाव घेई, कुणी जवळच्या पुलाचं. पुढची सुट्टी कधी, तेही लिहून घेतलं. यादी मंडळाच्या ग्रुपवर टाकली तेव्हा फार कौतुक झालं.

प्रिंट क्रांती चौकातल्या झेरॉक्सवाल्या भाईंकडे काढली होती. चार दिवसांनी आणखी दोन प्रती हव्या होत्या, तर त्यांच्या संगणकावर ती फाइल सापडेना. मंडळाची इतर जुनी कागदपत्रं होती, हीच तेवढी नव्हती. गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना सुनावलं, जरा शिस्त ठेवा म्हणून. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद मशीनवर ठेवला.

यंदा सीमेवर तणाव वाढला. भाच्याची सुट्टी रद्द झाली, त्याला मुलगी बघायला जायचं होतं ते राहिलं. त्याच आठवड्यात एका अनोळखी बाईचा मेसेज आला. मराठी स्वच्छ, फोटोत कपाळाला टिकली. पुण्यात असंच मंडळ चालवते म्हणाली. तुमची यादी आमच्यापर्यंत आली, किती नीटनेटकी आहे. आम्हालाही जवानांना कोरडा खाऊ पाठवायचाय, पण सध्या बरेच जण हलले असतील, तर ठिकाणाचा रकाना तेवढा ताजा करून द्याल का?

मी खूश झाले. रविवारी सकाळी वही घेऊन बसले आणि पहिला फोन बहिणीला लावला. तिला माहीत नव्हतं, विचारून सांगते म्हणाली.

अर्ध्या तासात भाच्याचाच फोन आला. एरवी हा मुलगा माझी चेष्टा करतो, मावशी, तुझ्या यादीत आज माझा नंबर कितवा, म्हणतो. त्या दिवशी त्यानं नमस्कारही केला नाही.

“मावशी, मी कुठं आहे हे तू कागदावर लिहिलंयस?”

पत्ता अपुरा होता, म्हणून लिहिलं, असं मी म्हणाले.

“अपुरा नव्हता गं. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.” मग म्हणाला, “तो कागद कुठं कुठं गेलाय तेवढं शोध. आणि आत्ताच पोलिसांकडं जा.”

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला लावून उभी होते.

सायबर पोलीस ठाण्यातली अधिकारी माझ्याहून लहान होती. हेरांना नकाशे लागतात, बॉम्बची माहिती लागते, अशी माझी समजूत होती. तिनं शांतपणे समजावलं. तणावात दोन्ही देशांना एकच धास्ती असते, समोरचा आधी हलतोय की काय. त्यासाठी कुठली पलटण कुठून निघाली, कुणाच्या सुट्ट्या अचानक रद्द झाल्या, असले बारीक तुकडे गोळा करावे लागतात. आपली माणसंही पलीकडचे तुकडे वेचत असतीलच. एकेका आईकडून ते काढायचे म्हटलं तर महिने गेले असते.

“तुम्ही त्यांचं काम आधीच करून ठेवलं होतं,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

ती पुण्याची बाई कोण, हे आजवर कळलेलं नाही. मी पोलिसांकडे पोचेपर्यंत तिचा नंबर बंद झाला होता. ग्रुपवरची यादी काढली. कुणाकुणाकडून पुढं गेली त्याचा माग काढताना सोळा बायकांशी बोलले, पुढं तो हाती लागेना. मग क्रांती चौक आठवला. धावत गेले आणि भाईंना म्हणाले, कुठंही असेल, ती फाइल शोधून पुसून टाका.

“वो तो उसी दिन उडा दिया था, बाजी,” मोठ्या बहिणीला सांगावं तसं ते म्हणाले. “फौजियों के पते थे. इस मशीन पे दिनभर कितने लोग बैठते. कायकू रखना?”

मग मी ओरडत होते तेव्हा सांगितलं का नाही?

“आप सुन कहाँ रहे थे?”

दिवसाला शंभर कागद हातावेगळे करणाऱ्या माणसाला एका नजरेत जे दिसलं, ते तीन वर्षं स्वतःच्या हातानं लिहूनही मला दिसलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक आईला फोन करून सांगितलं, तुम्ही विश्वासानं दिलेलं ठिकाण माझ्याकडून बाहेर गेलं. काहींना ते नीट समजलं नाही. एकीनं मधेच फोन ठेवला. बहिणीनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, आता त्याचं काय व्हायचं?

पुढचे अकरा दिवस त्याचा फोन नव्हता. बाराव्या दिवशी दुपारी बहिणीचा आला. “बरा आहे म्हणला,” ती सांगत होती. “कुठं आहे ते विचारलं नाय मी.”

माझ्या हातात पेन होतं. ते कधी उचललं, मला कळलंच नव्हतं.