पाठीतली सुई

ओमेर कार्लिये म्हणजे उत्तर फ्रान्सच्या तिएराश भागातल्या आमच्या गावचा बिनपगारी फौजी. उभा जन्म गाईंमागे गेला, पण सफरचंदाच्या दारूचा, सायडरचा, दुसरा पेला पोटात गेला की पलटणीच्या गोष्टी सुरू. त्याच्या तरुणपणी देशातल्या प्रत्येक पोराला सक्तीने सैन्यात जावं लागे. तिथे पाठीत लस टोचत, धट्टीकट्टी पोरं आडवी होत आणि ओमेर म्हणे शीळ घालत उभा. पुढे त्याचा मुलगा ल्युदोविक दम्यामुळे या सक्तीतून सुटला, तेव्हा बापाने भर कॅफेत सांगितलं, "आमच्याकडे अर्धाच पुरुष निपजला." मला तेव्हाही त्याचा संताप आला होता.

परवा त्याच ल्युदोविकने बापाला आमच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आणलं. कुंपणाची गंजकी काटेरी तार तळहातात खोल घुसली होती. मी तिथे नर्स आहे. जखम धुताना विचारलं, "ओमेरकाका, धनुर्वाताची लस कधी घेतली होती?"

"पलटणीत, पाठीत," ल्युदोविकनेच उत्तर दिलं. "रोज जेवताना तीच तर वाढायचे आम्हाला."

ओमेर छताकडे बघत राहिला.

बोटातलं थेंबभर रक्त मी तपासणीच्या पट्टीवर टाकलं. अंगात संरक्षण असलं तर दोन रेघा उमटतात. आम्ही तिघं पट्टीकडे बघत बसलो. एकच रेघ आली.

"जुन्या लसीचं संरक्षण वयाबरोबर उतरतं काका," मी म्हणाले. "तसं असेल तर आजच्या एका लसीवर भागेल. पण आधी कधी टोचलंच नसेल, तर पुन्हा दोनदा यावं लागेल. नाहीतर धनुर्वाताची भीती कायम."

त्याचे कान लालभडक झाले. "येतो," तो पुटपुटला. "दोनदा."

"म्हणजे?" ल्युदोविक.

"मला घेतलंच नाही पलटणीत. तपासणीतूनच परत पाठवलं. छाती वाजायची."

त्याची लाज बघायचीही मला लाज वाटत होती. मी उगाच बँडेज उलगडत बसले.

"लहानपणी माझी छाती वाजायला लागली की तुम्ही उठून बाहेर जायचात," ल्युदोविक हळू म्हणाला. "मला वाटायचं, तुम्हाला माझी किळस येते."

"आवाज ओळखीचा होता," ओमेर म्हणाला.

मी सुई भरली. ओमेरने एका हाताने सदरा उतरवला आणि आमच्याकडे पाठ केली.

"दंडात देतात काका आता," मी म्हणाले.

तो वळला नाही.