वाम्बोला आणि सालमेबाईंचं धुराडं

विल्यांदी गावातल्या लाकडी घरांची धुराडी झाडण्यात वाम्बोलाची अडतीस वर्षं गेली होती. अंगात काळा कोट, खांद्यावर दोरी, दोरीला लोखंडी गोळा आणि तारेचा ब्रश. दिसला की लोक त्याच्या पितळी बटणाला हात लावून जात, नशीब उघडतं म्हणून. त्याला ते नकोसं व्हायचं. वीस वर्षांपूर्वी एक घरमालक म्हणाला, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." वाम्बोलाही दमलेला होता, "बरं" म्हणून निघून आला. त्या जानेवारीत धुराड्यातली काजळी पेटली आणि अख्खं छप्पर गेलं. माणसं वाचली. पण तेव्हापासून "बघू" हा शब्द त्याला खपत नसे.

त्या ऑक्टोबरात सालमेबाईंच्या घराने त्याला छळलं. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. नवरा होता तोवर दरवर्षी थंडीआधी वाम्बोलाला बोलावणं यायचं. तो वारला, आणि गेली तीन वर्षं ते बंद होतं. आता येताजाता त्याला दिसायचं, की धूर वर चढतच नाही. धुराड्याच्या तोंडाशी घुटमळतो आणि छपरावर लोळतो. विटांवर तपकिरी ओघळ आलेले.

त्याने दार वाजवलं.

"नको रे वाम्बोला," बाई फटीतूनच म्हणाल्या. "मी जाळते ती चार लाकडं."

"थोडं थोडं धुमसत ठेवलं की जास्तच काजळी धरते, सालमेबाई."

"तुला दुसरीकडे काम मिळत नाही वाटतं?"

दार लागलं.

घरी तो जेवायला बसला, उठला, खिडकीशी गेला, पुन्हा बसला. सूप गार झालं. बायको हेल्वी म्हणाली, "मलाही बसू देत नाहीस. उद्या सकाळी आधी तिकडे जा, मग बाकीची कामं."

सकाळी बाईंनी दार उघडलं ते चौकटीला धरूनच. चेहरा पांढराफटक. "तीन दिवस डोकं ठणकतंय," त्या म्हणाल्या. "सर्दी असेल."

वाम्बोलाने त्यांना दंडाला धरून अंगणात बसवलं, रुग्णवाहिका बोलावली, खिडक्या सताड उघडल्या आणि शेगडीतले निखारे लोखंडी बादलीत भरून बाहेर नेले. डॉक्टरांनी सांगितलं, की धुरातला विषारी वायू अंगात भिनलाय. त्याला वास नसतो, झोपेतच संपला असता खेळ.

बाईंना नेल्यावर तो छपरावर चढला. धुराड्यात सोडलेला गोळा चार हातांवरच अडला. आत कावळ्यांचं घरटं होतं: काटक्या, लोकर, चिंध्या, दोन बादल्या भरून. त्याखाली डांबरासारखा थर, आणि माळ्यापाशी धुराड्याला बोटभर भेग.

दोन दिवसांनी तो दवाखान्यात भेटायला गेला. बाईंनी पहिलं विचारलं, "तपासणीच्या कागदावर काय लिहिलंस?"

"भेग आहे, ती लिहिली."

"मग झालं. तो कागद बघून लेक मला शहरात, तालिनला नेणार. तिच्या आठव्या मजल्यावरच्या घरी. म्हणून तर तुला आत घेत नव्हते."

वाम्बोला टोपी हातात फिरवत राहिला. खोटं लिहिणं त्याला जमणार नव्हतं आणि त्यांची नजर झेलणंही जमत नव्हतं. शेवटी म्हणाला, "शेगडी चांगली आहे, हेही लिहिलंय. भेग बुजवेपर्यंत पेटवायची नाही, एवढंच."

"एवढंच म्हणे," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

महिनाभर त्या लेकीकडे राहिल्या. गवंड्याने भेग बुजवली, वाम्बोलाने धूर सोडून तीनतीनदा तपासलं आणि बाई घरी परतल्या. हिवाळाभर मात्र त्यांनी त्याला ओळख दाखवली नाही.

पुढच्या सप्टेंबरात बाईंचा फोन आला. "येणार आहेस, की आमंत्रणपत्रिका छापू?"

तो गेला. धुराडं झाडून होईस्तोवर बाई फरशीवरच्या काजळीवरून त्याला बोलत राहिल्या. त्यांनी कॉफी पुढे केली. त्याने ती उभ्याउभ्याच प्यायली, कप ठेवला आणि शेगडीपाशी रचलेल्यांतली ओली, धूर करणारी लाकडं वेगळी काढायला लागला.