राहून गेलेलं मूत्रपिंड

हॉस्पिटलात तिला सगळे मावशीच म्हणतात. सव्वीस वर्षं ती तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसून डॉक्टरांनी लिहिलेल्या आजारांना त्यांचे ठरलेले आकडी कोड देते. पेशंट तिला कधीच भेटत नाही. पण फाइल उघडली की पंख्याच्या घरघरीत खोली हळूहळू विरत जाते आणि समोर कोणीतरी येऊन बसतं.

त्या दुपारी फाइलीतून एकोणीस वर्षांची मुलगी आली. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर उतरलेला तांबूस चट्टा, चपलेत न मावणारी सुजलेली पावलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'ल्युपस. औषध बदलणे.' बस्स. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. लघवीच्या रिपोर्टात प्रथिनं भरमसाट, म्हणजे आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला असणार. पण रिपोर्टावरून निदान करायची मुभा मावशीला नाही. डॉक्टरांनी लिहिलं तरच कोड. आणि नुसत्या ल्युपसचा कोड गेला, तर महागड्या औषधांची मंजुरी समिती नवं औषध नाकारणार. समिती चारला बसायची होती.

"टाक ना मूत्रपिंडाचा कोड," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "धडधडीत दिसतंय."

"दिसण्याचं काय, उद्या मला तुझ्यात कावीळही दिसेल!"

मावशीनं डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, लघवीतून प्रथिनं जातायत. कारण फाइलीत नाही. तुमचं मत काय?"

"अहो मावशी, बायोप्सी मी स्वतः पाहिलीय! ल्युपसनं मूत्रपिंड धरलंय."

"तुम्ही पाहिलीत हो. फाइलीला कुठे सांगितलंत?"

"मग लिहून टाका की! मी वॉर्डात अडकलोय."

"माझं लिहिणं चालत नाही. साडेतीन वाजलेत."

"छळता बुवा तुम्ही!"

फोन बंद. संगणकाच्या पडद्यावरच्या फाइलीत काहीच हलेना. मुलगी समोर बसूनच होती, मावशीनं तिला पाणी विचारलं नाही एवढंच. झरोक्यातलं ऊन टेबलावरून सरकत मुलीच्या हातांवर आलं.

चारला सात मिनिटं असताना फाइलीत एक ओळ उमटली: 'बायोप्सीनुसार ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज.' खाली डॉक्टरांची सही, तारीख, वेळ. मावशीनं कोड बदलला, फाइल पाठवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

साडेचारला उत्तर आलं. मंजूर.

"जा की वर, बघून ये तिला," मैत्रीण म्हणाली.

"नको गं," समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मावशी हळूच म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."