टुरिस्ट व्हिसावरचे मास्तर

अशा किश्श्यांचं एक असतं, एकानं सांगितला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो. सोलापुरातल्या आमच्या इंग्लिश मीडियम शाळेतले तिघं थायलंडला शिकवायला गेले आणि तिघंही वर्षाच्या आत माघारी येऊन पुन्हा इथंच रुजू झाले. तेव्हापासून मधल्या सुट्टीत चहा कमी, थायलंड जास्त!

*

तिघांना पाठवणारा एजंट एकच. मीही गेलो होतो त्याच्याकडं.

"टुरिस्ट व्हिसावर शिकवायचं? मग वर्क परमिट?"

"सर, तुमी शिकवायला सुरू तर करा की! परमिट मागनं येतंय."

"आणि नाही आलं तर?"

"मग तुमीच येताय की माघारी!"

मी तिथूनच माघारी आलो.

*

सुरेखा मॅडम सांगोल्याच्या, विषय गणित. तिकडं वर्ग चालू असतानाच तपासणीवाले आले. मुख्याध्यापिकेनं घाईघाईनं मॅडमच्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्यांना पालकांच्या खुर्चीत बसवलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमचं मूल कुठलं?"

मॅडमनी घाबरून पहिल्या बाकावरच्या थाई पोरीकडं बोट केलं. पोरगी ताडकन उभी राहिली.

"गुड मॉर्निंग, टीचर!"

पुढच्या आठवड्यात मॅडम सोलापुरात!

*

शेख सर शाळेच्याच जिन्यावरून पडले, हात मोडला. दवाखान्यातून शाळेला फोन गेला. शाळेनं कळवलं, या नावाचं आमच्याकडं कुणी नाही! सर दोन दिवस एकटेच पडून. शेवटी एका विद्यार्थिनीची आई जेवण घेऊन आली, तेव्हा कुठं ओळखीचं माणूस दिसलं.

अजून तो हात चोळत सांगतात, "सबकी हाजरी मैं लेता था रे, मेरीच किसीने नै ली!"

*

बिराजदार सर अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, गावात मराठी, वर्गात इंग्रजी. व्हिसाची मुदत संपत आली की बसनं सरहद्दीपलीकडं जायचं आणि नवा शिक्का घेऊन परत यायचं.

चौथ्या खेपेला अधिकाऱ्यानं विचारलं, "एवढं फिरलात, पाहिलं काय काय?"

सर पडले सरळ माणूस. म्हणाले, "ही रांग!"

*

शेवटी पकडले गेले तेही बिराजदार सरच. सकाळपासून इमिग्रेशनच्या ऑफिसात बाकावर बसवून ठेवलेलं. बायकोला फोनसुद्धा करू देईनात.

"लई भ्या वाटलं," सर सांगतात. "घरचा पत्ता इचारला, तर त्योबी आठवंना!"

संध्याकाळी अधिकाऱ्यानं जबाबाचा कागद पुढं सरकवला. सही केली तर नुसतंच मायदेशी पाठवणार, नाही केली तर कोठडी. जबाब त्यानं स्वतःच इंग्रजीत लिहिला होता, एकच ओळ : ‘आय नॉट टीचर.’

सरांनी पेन उचललं. त्यांनी ‘आय’च्या पुढं ‘ॲम’ लिहिलं, ‘टीचर’च्या आधी ‘अ’ घातला आणि मग खाली सही केली.

अधिकाऱ्यानं कागद वाचला. सरांकडं पाहिलं.

"थँक यू, टीचर!"