चिमणीवरची वीज

लालबागला आमच्या चाळीखाली एक फोटोवाला बसायचा. फोटो कुणाचाही असो, कॉम्प्युटरवर उघडला की तो आधी च्यक् करायचा. दुसऱ्याची चूक सापडली की त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटत असावं.

"एक्स्पोजर कशाशी खातात ते ठाऊक नाय, आणि वीज पकडायला निघाले," हे त्यानं मलाही ऐकवलं. गॅलरीतून मी काढलेला फोटो पार पांढराफटक झाला होता. बंद गिरणीच्या चिमणीवर वीज कोसळतानाचा. त्यानं माउस फिरवत उजेड उतरवला, आणि वीज खरंच फांदीफांदीनं दिसायला लागली. तेवढं त्याला येत होतं, मान्य. पण हात आवरेल तर तो कसला. प्रिंट देताना म्हणाला, "मधे ती जुनाट चिमणी येत होती. उडवून टाकली. आता कसं क्लीन वाटतंय."

माझ्या वडिलांनी संपापर्यंत त्याच गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर काम केलं होतं. प्रिंट त्यांनी बराच वेळ डोळ्यांजवळ धरली.

"वीज झकास आलीय," ते म्हणाले. "पण ही अशी अधांतरी का थांबलीय रे?"