परसातली सभा

“बाई गेली. आता तरी खुर्चीवर बसून मीटिंग घेऊ.”

पंडितकाका शेजारच्या पंगतीत कुणाला तरी सांगत होते. माझ्या आत्याच्या, यमुनाच्या, दहाव्याची जेवणं चालली होती. सुरगाण्याच्या डोंगरातलं तिचं छोटंसं घर माणसांनी भरलं होतं, आणि पंडितकाका, म्हणजे तिच्याच शेतकरी सहकारी संस्थेचे सचिव, आमटी भुरकत पुढची व्यवस्था लावत होते. मी नाशिकहून आलेली भाची. मान खाली घालून पाणी वाढत राहिले...

येणारा प्रत्येक जण “लय मायाळू होती” म्हणून जात होता. मायाळू? आत्या भांडकुदळ होती, आणि मला ती तशीच लक्षात ठेवायची आहे.

संस्था निघाली तेव्हा सातबारा ज्याच्या नावावर, तोच सभासद. म्हणजे सगळे पुरुष. बायकांकडे घरामागचं परस होतं. वाल, दोडकी, काकडी, अळू. त्याला कुणी शेती म्हणत नसे. मग एका वर्षी उतारावरचं नागलीचं पीक पावसानं धुऊन नेलं आणि सगळं गाव त्या परसांवर जगलं. पुढच्या सभेला आत्या बायकांना घेऊन गेली. त्यांना कार्यालयाच्या दारात चपलांपाशी उभं केलं, तेव्हा तिथूनच ती ओरडली, “ज्यातलं खाऊन जगलात ते शेत तुम्हाला दिसत नाय ना? मग सभाच तिथं घेऊ. वेलांच्या मांडवाखाली बसलात की दिसंल.”

भांडून भांडून तिनं ते करवून घेतलं. बायका सभासद झाल्या आणि दर वर्षीची सभा कुणाच्या तरी परसात भरू लागली. बोलावणं घरच्या बाईनं द्यायचं, सभेत पहिलं तिनं बोलायचं, आणि तिच्या परसातलं काहीतरी खाल्ल्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. कुणाचंच बोलावणं आलं नाही, तर सभा कार्यालयात. तशी वेळ कधी आली नव्हती.

शाळेत असताना मी एक सभा पाहिली. पंडितकाकांच्या घरी होती. त्यांचं परस आदल्या आठवड्यात शेळ्यांनी साफ केलेलं. काकांनी बाजारातून दुधी आणून मांडवाला बांधले होते! आत्या खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. “पंड्या, तुझ्या दुध्याला सुतळीचा देठ फुटलाय रे. बी दे ना मला.” सगळं परस हसलं, काकासुद्धा. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना कुंपण घालायला लावलं, आणि काट्याच्या फांद्या स्वतः तोडून दिल्या.

त्या सभेत मला कुणीतरी नाव विचारलं होतं. मला तेही धड सांगता आलं नाही. घरी येताना आत्या म्हणाली, “इंग्रजी शाळेनं फीबरोबर तोंडपण जमा करून घेतलं काय गं?” मला राग आला होता.

दहाव्याला जेवणं उरकली तसे पंडितकाका उठले. “यंदाच्या सभेचं कुणाचं बोलावणं हाय का? नसंल तर कार्यालयात घेऊ, उद्या नोटीस काढायची हाय. नवा हॉल हाय, पंखे हायेत.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुतकाच्या घरात उभं राहून आपल्या घरचं बोलावणं कोण देणार? काकांना हे पक्कं ठाऊक होतं. आज कुणी बोललं नाही, की सभा कार्यालयात जाणार. एकदा गेली की परत येणार नाही, आणि बायका पुन्हा दाराशी.

पण दुसऱ्याच्या सुतकात बोलावणं देता येत नाही. हे सुतक तर माझंच होतं.

मी तांब्या खाली ठेवला. “सभा इथंच घ्या. आत्याच्या परसात.” आवाज फाटला.

काका हसले, तसे प्रेमानंच. “अगं पोरी, बोलावणं घरच्या बाईनं द्यायचं असतं. या घरात बाई कोण हाय आता?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“मी आहे,” मी म्हणाले. “आणि काका, सभेत पहिलं मी बोलणार.”